आमचा डिएगो भोकरदनचा

मार्चचा पहिला सोमवार, सकाळी साडेअकरा. टोमॅटोच्या संकरित बियाण्याची ऑर्डर : बारा लॉट, किंमत चौऱ्याऐंशी लाख. जालना एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीच्या केबिनमध्ये चौघे हजर : शेठ, चिलीहून आलेल्या खरेदीदार मार्ता मॅडम, एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार पाहणारा ज्ञानेश्वर आणि मी, क्वालिटी कंट्रोल मॅनेजर.

मॅडमचा पहिलाच प्रश्न : "डिएगो कुठे आहे?"

शेठनी ज्ञानेश्वरकडे बोट दाखवलं. "धिस इज डिएगो."

मॅडम उठल्या, ज्ञानेश्वरचे दोन्ही हात धरले आणि स्पॅनिशमध्ये सुरू झाल्या. ज्ञानेश्वर भोकरदनचा. त्याला मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी येतं. बोलणं संपेपर्यंत तो नुसता मान हलवत राहिला.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी एका कन्सल्टंटने शेठना पटवलं की, परदेशी माणसाला 'ज्ञानेश्वर' म्हणता येत नाही. इंग्रजी मेलखाली त्यांच्याकडचं नाव दिसलं की विश्वास बसतो. शेठनी सर्क्युलर काढलं. ज्ञानेश्वरचा डिएगो झाला, डिस्पॅचच्या विठ्ठलचा पेद्रो. "डिएगोभाऊ, डब्यात काय आणलं?" असं ऑफिसात चालायचं. शेठचं स्वतःचं नाव विठ्ठलपेक्षा लांब आहे. ते मात्र परदेशी लोकांना बरोबर म्हणता येतं, असं ठरलं.

नाव खोटं, पण मेल खरे होते. संकरित बी करायला नर वाणाच्या झाडाचा पराग मादी वाणाच्या फुलाला हाताने लावतात. ते चुकलं की भेसळ. जाफराबादच्या एका शेडनेटमध्ये काम चुकल्याची शंका आहे, हेही ज्ञानेश्वरने, मॅडमनी विचारलं नसताना, त्यांना कळवलं होतं. म्हणून तर मॅडम त्याला भेटायला आल्या होत्या.

अखेर तो म्हणाला, "मॅडम, माय नेम इज ज्ञानेश्वर. डिएगो ओन्ली फॉर ईमेल."

मॅडमनी हात सोडले. नावावरून त्या त्याला गोव्याचा, स्पॅनिश कळणारा समजत होत्या. टेबलावरचं सॅम्पलचं पाकीट उचलून त्यांनी विचारलं, "माणसावरचं लेबल खोटं. मग यावरचे उगवणीचे आणि शुद्धतेचे आकडे कुणी लिहिले?"

उत्तर द्यायचं काम माझं होतं, कारण आकडे माझे होते. मी टेस्ट रिपोर्ट पुढे केला, मॅडमनी तो उघडला नाही. आमच्या धंद्यात 'ट्रुथफुल लेबल' असा प्रकार आहे. आत जे आहे तेच बाहेर छापलंय, याची हमी कंपनी स्वतः देते. ऑर्डर थांबवून मॅडम हॉटेलवर गेल्या.

शेठनी दार लावलं. "खरातसाहेब, जल्दी एक लेटर करा. पोरानं मनानंच नाव लावलं, त्याला काढून टाकलं, असं लिहा."

"मी मनानं लावलं न्हाई, शेठ," ज्ञानेश्वर म्हणाला. "घरी सांगितल्तं तर म्हातारी म्हणली, बारशाला कोण आल्तं?"

"तू गप ऱ्हाय."

मी म्हणालो, "सर्क्युलर माझ्या फाइलला आहे. खाली तुमची सही आहे. असं लेटर मी करणार नाही."

"पगार कोणाचा खाता?"

"कंपनीचा. म्हणूनच सांगतो. मॅडमनी आज एक खोटं पकडलं. दुसरं पकडलं तर चौऱ्याऐंशी लाखांतला एक रुपया दिसणार नाही. आणि शेडनेटची खबर देणारा माणूसच काढला, तर पुढचा आकडा त्या कोणाचा मानतील?"

शेठनी विचारलं, "मंग करायचं काय?"

"सर्क्युलरच पाठवायचं."

चार वाजता ते तयार झाले. ज्ञानेश्वरने मेल लिहिला, खाली स्वतःचं, वडिलांचं नाव आणि आडनाव, आणि सोबत सर्क्युलरची कॉपी. मॅडमचं उत्तर दोन ओळींचं आलं : बाराही लॉटची ग्रो-आउट टेस्ट बाहेरच्या लॅबमध्ये, कंपनीच्या खर्चाने. पुढचा पत्रव्यवहार फक्त ज्ञानेश्वरशी.

ग्रो-आउट म्हणजे बी पेरायचं, झाडं वाढू द्यायची आणि त्यांत परकी किती ते मोजायचं. दोन महिने गेले. या काळात शेठ ज्ञानेश्वरशी कामापुरतंही बोलले नाहीत. अकरा लॉट पास झाले, एक नापास. नापास झाला तो जाफराबादच्या त्याच शेडनेटचा. मॅडमनी तेवढा वगळून ऑर्डर सोडली. आता फोनवर त्या 'ज्ञानेश्वर' म्हणतात, थोडं अडखळत, पण म्हणतात. माणसाला गरज असली की लांब नावही येतं. दोन वर्षं कोणी त्यांना म्हणून बघा असं सांगितलंच नव्हतं.

कंपनीला सत्त्याहत्तर लाख आले. लॅबला एक लाख चव्वेचाळीस हजार गेले. नावाच्या सल्ल्याचे साठ हजार कन्सल्टंटने आधीच नेले होते, ते परत मागायला शेठना लाज वाटली. ज्ञानेश्वरने स्वतःच्या नावाची व्हिजिटिंग कार्डं पदरच्या पैशाने छापून घेतली होती. त्या बिलाचे तीनशे वीस रुपये मी पेटी कॅशमधून त्याला दिले.