जपानी पाहुणा

मुक्या मारावर चोळायच्या औषधी तेलाचा उग्र वास आला, की वीस वर्षांपूर्वीचा अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहरातला बाजीच्वानचा क्लास आठवतो. बाजीच्वान म्हणजे कोपराच्या जबर फटक्यांची चिनी युद्धकला. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या चिनी गुरुजींचं घर त्यांच्या लहानपणी जपानी सैन्याने जाळलं होतं. एका शनिवारी एक वयस्कर जपानी गृहस्थ दारात वाकून म्हणाले, "माझे गुरू चिनी होते. त्यांनी जपानमध्ये येऊन आम्हाला हीच विद्या शिकवली." "निघू या का, यार?" शेजारी उभा असलेला ऑफिसातला मित्र पुटपुटला. गुरुजी म्हणाले, "करून दाखवा." पाहुण्यांनी पाय आपटून हवेत कोपर मारलं. गुरुजी उठून जवळ गेले आणि त्यांनी पाहुण्यांचा खांदा हळूच खाली दाबला. "आता पुन्हा," ते म्हणाले.