कुरडयांची सावड

आई आमच्याकडे आली ती मनगट मोडून. औंधजवळच्या आमच्या खेड्यात न्हाणीतून बाहेर येताना तिचा पाय घसरला, आणि मी जाऊन तिला सांगलीला, माधवनगरच्या आमच्या घरी घेऊन आले. येताना तिने एक कापडी पिशवी भरली होती. तिच्यात साड्या, कंगवा, यमाईचा अंगारा आणि घराची किल्ली. ती पिशवी तिने कॉटखाली सरकवली आणि कधी रिकामी केलीच नाही. लागेल तेवढं काढायची, धुऊन वाळलं की घडी घालून परत पिशवीत. मी कपाटातला एक अख्खा खण तिच्यासाठी मोकळा केला होता. तो इतके दिवस तसाच राहिला की शेवटी माझ्या नवऱ्याने त्यात आपले मोजे भरले.

मी एकुलती एक. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आई त्या घरात एकटी राहते या विचाराने मला फोन वाजला तरी धस्स व्हायचं. मला ती इथे हवी होती. काळजीपोटी हवी होती आणि नुसतीच, काही कारण नसतानाही हवी होती. पण तिच्या हिशेबात लेकीचं घर म्हणजे घटकाभर टेकायची जागा. मी विषय काढला की तिचं एकच उत्तर ठरलेलं.

"लेकीच्या घरी किती दिस फुकट खायाचं?"

यावरून आमची भांडणंही झाली. माझा स्वभाव तापट, आवाज चढायला वेळ लागत नाही. आई भांडत नाही, ती गप्प बसते आणि आपलं तेच करते. माझ्या नवऱ्याने दोनदा हात जोडून राहायला सांगितलं, तर तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. प्लास्टर निघाल्यावर ती लगेच निघणार होती. बऱ्याच विनवण्या करून आम्ही तिला पाडव्यापर्यंत थांबवलं. शिवाय त्या वर्षी पाडव्याला लागूनच ईद यायची होती, त्यामुळे शेजारणीने ईदचीही गळ घातली. तेवढं मान्य झालं, पण ईद झाली की दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी, हेही त्याच दमात ठरलं.

मी एका करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते. फाल्गुन कधी येतो आणि कधी जातो हे मला कळत नाही, मला फक्त मार्चएंड कळतो. लोकांचे पैसे कुठून आले आणि कुठे गेले हे मी दिवसभर शोधते आणि संध्याकाळी घरी येऊन खिचडी टाकते. घराकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. आईला मात्र वेळच वेळ होता आणि प्लास्टर निघालेला हात स्वस्थ बसू देत नव्हता. एके दिवशी मी ऑफिसातून आले तर स्वयंपाकघराच्या सगळ्या फळ्या रिकाम्या, डबे अंगणात उलटे घातलेले, आणि ओट्यावर माझी अब्रू मांडून ठेवलेली. रव्याच्या फोडलेल्या पिशव्या तीन, पोह्यांच्या चार. मोहरी इतकी की अख्ख्या गल्लीच्या फोडण्या व्हाव्यात. हुलगे, पावटे, मटकी, कसली ते मलाही आठवत नव्हतं अशी एक डाळ.

"हे घर हाय का दुकान?" आईने विचारलं.

पाडव्यापर्यंत किराणा आणायचा नाही, आहे ते संपवायचं, असा हुकूम निघाला. मी आधी नाक मुरडलं. पण त्या दिवसांत जे काही जेवलो ते आजही आठवतं. हुलग्याचे शेंगोळे झाले, मटकीची उसळ झाली, चकोल्या झाल्या. बेनामी डाळीत आईने दारातल्या आंब्याची कोवळी कैरी घातली आणि ती डाळ मी ऑफिसात डब्यात नेली, तर तिथे वाटीवाटीसाठी ओढाताण झाली. महिनाअखेरीला किराण्याचे पैसे जवळजवळ सगळे शिल्लक होते. माझ्या नवऱ्याला हे कळल्यावर त्याने मलाच विचारलं की तुमच्या ऑफिसात सासूबाईंना जागा आहे का. मी लाटणं उगारलं, पण हसू मलाही आवरलं नाही.

त्याच आवराआवरीत तिला विकतच्या कुरडयांचं पाकीट सापडलं. तिने ते उलटून पालटून पाहिलं, त्यावरची किंमत सावकाश वाचली, एक तुकडा मोडून दाताखाली धरला आणि पाकीट बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात गहू भिजत पडले होते.

कुरडया म्हणजे एका माणसाचं काम नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा, रात्रभर तो खाली बसू द्यायचा आणि पहाटे आधणात घालून घोटायचा. घोटायला दंडात बळ लागतं. आईचं मनगट अजून कच्चं, आणि मी मार्चमध्ये कुणाच्याच कामाची नसते. तिने माझ्याकडे मदत मागितलीच नाही. ती कंपाउंडच्या भिंतीशी गेली आणि शेजारणीला विचारलं, "सावडीला येशील का गं?"

हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आमच्या गावाकडे शेतात सावड असायची. आज तुम्ही चौघी माझ्या रानात खुरपायला या, उद्या मी तुमच्या रानात येते. पैशाचा संबंध नाही, फक्त पाळी फेडायची. शेजारीण आमच्याहून लहान, तिचा नवरा माग दुरुस्त करतो. ती मुळात मिरजेकडच्या खेड्यातली, त्यामुळे तिला शब्द समजावून सांगावा लागला नाही. तिने लगेच सौदा केला, ईदच्या शेवया करायला मावशींनी, म्हणजे आईने, यायचं. समोरच्या घरातल्या काकूंनी हे गॅलरीतून ऐकलं आणि आपले उडदाचे पापड त्यात घुसवले. अशी तिघींची सावड भिंतीशी उभ्या उभ्या ठरली.

चीक शिजवायचा तो दिवस मी विसरणार नाही. रोजे सुरू होते, शेजारीण सहेरीला उठलेलीच होती. ती उजाडायच्या आत आली आणि तिने घोटणं हातात घेतलं. तिला उपास, त्यात गॅसपुढे उभं राहायचं, म्हणून आई सारखी तिला बाजूला करत होती आणि ती ऐकत नव्हती. चवीचं मात्र तिने आधीच सांगून टाकलं, "मीठ तुमीच बघा मावशी." आईने एक उलथनंभर चीक बशीत काढला, त्यावर दूध आणि गूळ घातला आणि बशी माझ्या पुढ्यात ठेवली. मला ऑफिसला जायचं होतं, केस ओले होते, फोन वाजत होता. मी तिथेच जमिनीवर बसले आणि तो गरम, बुळबुळीत, गोड चीक बोटांनी खाल्ला. लहानपणी चुलीपाशी गल्लीतल्या पोरींच्या रांगेत बशी धरून बसलेली मी मला आठवले. असं सुख मला त्या अख्ख्या महिन्यात मिळालं नव्हतं. फोन मी तसाच वाजू दिला.

मग गच्चीवर सगळी पळापळ. चीक गरम आहे तोवर सोऱ्यातून घालावा लागतो. सोऱ्या पिळायला माझ्या नवऱ्याला बसवलं. पहिल्या दोन-तीन कुरडया अशा पडल्या की काकूंनी त्यांना बाजूला काढून, आई जावयाला म्हणते तसं, पाव्हण्यांच्या कुरडया असं नाव ठेवलं. पुढे त्याचा हात बसला आणि मग तो कुणालाच सोऱ्या देईना. आई कठड्याच्या सावलीत बसून हुकूम सोडत होती. इतक्या बायका तिचं ऐकताना मी कितीतरी दिवसांनी पाहिल्या, आणि ती माझ्या घरात पाहुणी म्हणून आली आहे हे मीच विसरले. उरलेल्या चोथ्यातसुद्धा तीळ-तिखट घालून तिने वड्या थापल्या. मी ऑफिसला दोन तास उशिरा गेले, बोलणी खाल्ली आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

त्यानंतर आईच्या अंगात वारं शिरलं. दुपारी भिंतीपलीकडे बोलणं, संध्याकाळी काकूंच्या पायरीवर बसणं. भाजीवालाही मला सोडून तिलाच हाक मारू लागला. मला वाटलं, जमलं आपलं. तेवढ्यात एका रात्री जेवताना तिने सांगितलं की निघायच्या आधी दोन्ही सावडी फेडायला हव्यात, कुणाचं अंगावर ठेवून ती गावाला जाणार नाही.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सावड फिटेपर्यंत ती जाणार नाही. म्हणजे सावड फिटता कामा नये. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप काकूंकडे गेले आणि तुमचे पापड चैत्र संपेपर्यंत लांबवा, अशी गळ घातली. काकू हो म्हणाल्या. पण त्यांच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. सकाळी त्यांनी हसत हसत आईला सगळं सांगून टाकलं. त्याच दुपारी आई लाटणं घेऊन समोर गेली आणि दिवस मावळेपर्यंत सगळे पापड लाटून आली.

शेवयांचं तर शेजारीणच थांबू शकत नव्हती. तिच्याकडे पितळी यंत्र होतं, ते खाटेच्या माचव्याला घट्ट बसवलं. शेजारीण दांडा फिरवायची आणि आई खाली येणाऱ्या शेवया डाव्या हाताने अलगद झेलून काठीवर टांगायची. त्यांची खोली काठ्यांनी भरून गेली. मी संध्याकाळी डोकावले तेव्हा दोघी वाळलेल्या शेवया डब्यात भरत होत्या, आणि आई म्हणत होती की चला, आता फिटलं. तिला केवढं मोकळं वाटत होतं, आणि मी मनात एसटीपर्यंतचे दिवस मोजत होते.

पाडवा दणक्यात झाला. घासून पुसून लख्ख केलेल्या घरावर गुढी उभी राहिली. आईने कडुलिंबाची गोळी माझ्या नवऱ्याच्या हातावर ठेवली आणि तो ती न चावता गिळतो का यावर डोळा ठेवून उभी राहिली. पुरणपोळीबरोबर तळलेल्या कुरडया कढईभर फुलल्या, त्यात पाव्हण्यांच्याही होत्या आणि त्यांचं सर्वांत जास्त कौतुक झालं. संध्याकाळी शेजारणीने गच्चीवरून हाक मारली, चंद्र दिसला होता. दुसऱ्या दिवशी, बरोबर मार्चच्या शेवटच्या दिवशी, ईद. ऑफिसला जाता जाता मी तिच्याकडे शिरखुर्मा प्यायले. वाटी हातात देताना ती म्हणाली की या वर्षी शेवया मावशींच्या हातच्या आहेत, सावकाश खा. मी सावकाश खाल्लं आणि डोळे पुसत रिक्षात बसले.

रात्री मार्चएंड संपवून घरी आले तेव्हा पिशवी कॉटवर होती, भरलेली. वर प्रवासाची साडी, निळी, मऊ सुती, घडी करून ठेवलेली. मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली, तीही आपटून. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि तसाच परत गेला. आई तोवर झोपली होती.

सकाळी पाण्याच्या आवाजाने जाग आली. स्वयंपाकघरात आई मोठ्या पातेल्यापुढे बसून गहू धूत होती. एसटीची वेळ होत आली होती, मी तिला तसं सांगितलं. तिने ऐकलं न ऐकलं केलं, पातेलं पाण्याने भरलं, हात पुसले आणि भिंतीकडे गेली. मी मागोमाग गेले.

"गहू घातल्यात," तिने पलीकडे सांगितलं. "चीक घोटायला ये."

शेजारीण केस विंचरत बाहेर आली. "आवं मावशी, आपली सावड फिटली न्हवं?"

"फिटली व्हती. म्हणून तर परत घातल्यात." मग माझ्याकडे न बघता ती सावकाश बोलली. "आता हिची सावड माझ्या अंगावर ऱ्हाणार. ही शेवया करणार पुढल्या सालच्या ईदंला. तवर मला हालता येत न्हाई."

शेजारीण माझ्याकडे बघून हसली. मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि मी भिंतीला टेकून दोन्ही करून घेतलं. आई तोवर आत गेली होती. तिची पिशवी मोकळी होऊन खुंटीला लटकत होती. कॉटवर साड्या, कंगवा, अंगारा आणि किल्ली काढून ठेवलेली. प्रवासाची निळी साडी तिने खांद्यावर टाकली होती, गच्चीवर उन्हात टाकते, चार दिवसांनी कुरडयांखाली अंथरायला ती चांगली मऊ आहे म्हणाली.

"आन् त्या खणातलं मोजं काढाय सांग पाव्हण्यास्नी," ती जिना चढता चढता म्हणाली. "माझी लुगडी कुठं ठिवू?"