बेडकीचं हेड आणि माझी एक थाप

भुताखेतांवर माझा अजिबात विश्वास नाही. आणि त्याला सबळ कारण आहे — आमच्या भागातली निम्मी भुतं मीच तयार केलेली आहेत. ओढ्याकडच्या चिंचेखाली पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी असते म्हणतात ना, ती मी कॉलेजात असताना उभी केली. एका मित्राला उसाच्या फडातनं लवकर घरी पळवायचं होतं, म्हणून. आज लोक तिथं नारळ ठेवतात... मी काय बोलणार? त्यामुळं या ग्रुपवरचे अनुभव मी कारागिराच्या नजरेनं वाचतो. इथं जोड कच्चा राहिलाय, इथं रंग जरा जास्तच लागलाय, असं.

पण खाली जे लिहितोय त्यात एक शब्दही वाढवलेला नाही. वाढवला असलाच तर तो गाडीच्या स्पीडबद्दल. तेवढं चालवून घ्या.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. घरात मी, बायको सुजाता, आणि माझे वडील — अण्णा. वय ब्याऐंशी. आणि चौथी मेंबर बेडकी.

बेडकी म्हणजे गाडी. लाल, दोन सीटची, बिनछपराची विलायती स्पोर्ट्स कार. बॉनेटवर दोन गोल दिवे डोळ्यांसारखे वर आलेले, म्हणून बेडकी. अण्णा तरुणपणी कोल्हापूरला जनावरांच्या बाजाराला गेलते म्हस आणायला. बाजारात मनासारखी म्हस मिळाली नाही. परत येताना एका बड्या घराच्या आवारात ही दिसली — अंगावर कबुतरांची शिट, बॉनेटवर वाळत घातलेल्या मिरच्या. मालक म्हणाला, घेऊन जा, जागा मोकळी होईल. म्हशीच्या पैशात गाडी आली आणि वर पेट्रोलला उरले!

घरी माझी आजी — आम्ही तिला अव्वा म्हणायचो — म्हशीच्या पायांवर घालायला तांब्याभर पाणी आणि कुंकू घेऊन दारात उभी. तिनं बेडकीला पुढनं बघितलं, मागनं बघितलं.

"देवाप्पा, ही दूध किती देती?"

"देत न्हाय अव्वा. ही पिती."

अव्वानं तरी पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं आणि दोन डोळ्यांच्या मधोमध कुंकू लावलं.

आजच्या पोरांना हे पटत नाही. पण तो काळच तसा होता! असल्या गाड्या कोल्हापुरात आवाराआवारांत कोंबड्यांना अंडी घालायला पडून होत्या. दोन सीट, पेट्रोलला राक्षस, बूड जमिनीला घासणारं — संसारी माणसानं करायचं काय त्यांचं? कुणी इंजिन काढून नदीवरच्या पंपाला जोडलं, कुणी सीट काढून दुकानात गल्ल्यामागं टाकली. आता त्याच गाडीचा नुसता हॉर्न घ्यायचा म्हटला तर दारातली म्हस जाईल. आमचे अण्णा मात्र बेडकी चालवायचे. शेजारच्या सीटवर जनावरांसाठी उसाचं वाडं, मागं दुधाच्या किटल्या, रविवारी आई. आणि स्पीड? शिरोळात शिंकलं तर ती शिंक कोल्हापुरात पोचल्यावर ऐकू यायची.

मी पंधरा वर्षांचा असताना पन्हाळ्याच्या घाटात निम्म्यावर बेडकीचं पाणी उकळलं आणि इंजिनाचं हेड तडकलं. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं बिडाचं जाड झाकण. ते बाजारात मिळणं शक्यच नव्हतं. पण अण्णांचे जिगरी दोस्त होते शंकरनाना. कोल्हापुरात उद्यमनगरात पॅटर्नमेकर. बिडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि उमटलेल्या खड्ड्यात वितळलेल्या बिडाचा रस ओतायचा. तो नमुना म्हणजे पॅटर्न. नाना तडकलेलं हेड समोर ठेवून सागवानात त्याचा जुळा भाऊ कोरणार होते.

नानांची एक पट्टी होती. ती जगाच्या पट्टीपेक्षा किंचित लांब. मी विचारलं, नाना, ही चुकीची हाय. तर म्हणाले, "बाबू, रस गार होताना आकसतोय. म्हणून आपण थोडं वाढवून करायचं. गार झाल्यावर बरोबर खऱ्या मापाला येतंय." मी हे वाक्य आयुष्यभर पाळलं. फक्त लाकडात नाही.

नाना हळू काम करायचे. लाकूड पुरतं वाळल्याशिवाय हात लावायचे नाहीत. सहा महिने झाले. अण्णांचा संयम संपला आणि ते नानांच्या शेडमध्ये दहा माणसांसमोर बोलले — "तुझ्याच्यानं व्हणार न्हाय. पुन्यांदा तुझं तोंड बघणार न्हाय." आठच दिवसांत नाना गेले. झोपेतच. तडकलेलं हेड भंगारात गेलं. नानांचे उरलेले पॅटर्न तिथल्याच सर्जेरावच्या वडिलांच्या फाउंड्रीत माळ्यावर गेले. सर्जेराव म्हणजे सर्जा, माझा दोस्त, आता फाउंड्री तोच चालवतो. अण्णांनी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये बेडकीवर ताडपत्री टाकली आणि चाळीस वर्षं ती उचलली नाही.

आता मुद्द्यावर येतो.

गेल्या हिवाळ्यात अण्णा न्हाणीत घसरले. खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, रोज वॉकर घेऊन चालवा. आता चालले नाहीत तर पुढं चालणारच नाहीत, आणि मग बाकीचंही एकेक थांबत जातं... अण्णांनी घरी आल्यावर कॉट भिंतीकडं फिरवून घेतली.

"उठा की अण्णा. दारापर्यंत जाऊ."

"कशाला? कुटं जायचं हाय मला?"

रोज हाच प्रश्न. ज्या माणसानं आम्हाला बोलून बोलून बहिरं केलं, तो दिवसाला तीन वाक्यांवर आला. जेवण दिवस मावळायच्या आत, ते पण दोन घास. सुजाता एकदा परसात म्हणाली, "अवो, अण्णा चाललेत. कॉटवरनंच चाललेत."

त्याच आठवड्यात पुण्याचं एक पावणं आलं, गॉगल लावून. ताडपत्री उचलून त्यानं बेडकीसाठी जो आकडा सांगितला, तो मी मनात म्हशींत मोजायला लागलो. सत्तर म्हशींनंतर नाद सोडला. पण वाटलं, हिला इतक्या लांबनं माणूस बघायला येतो आणि आपण... पावण्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि बेडकी सुरू करायचा विडा उचलला.

दोन महिन्यांत सगळं झालं. पत्रा, रंग, वायरिंग, ब्रेकची डागडुजी. कोल्हापुरात काय होत नाही! अडलं ते हेडवर. परदेशातनं मागवलं ते दुसऱ्याच मॉडेलचं आलं. स्कॅन करून बनवायचं तर समोर मूळ हेड पाहिजे की. शेवटची आशा म्हणजे सर्जाचा माळा. मी आणि सर्जानं दोन अख्खे दिवस तिथं घातले. हजारेक पॅटर्न खाली काढले, झाडले, परत ठेवले. पंपाचे, पुलीचे, उसाच्या चरकाचे... बेडकीचा नव्हता. नानांनी तो केलाच नव्हता, हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी अण्णांच्या कॉटजवळ बसलो. सुजाता ताकाचा पेला घेऊन उभी. अण्णा भिंतीकडं तोंड करून. आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं —

"अण्णा, नानांचा पॅटर्न सापडला."

पाठ हलली.

आता एकदा सुरुवात केली की मला थांबता येत नाही, हे तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल. म्हटलं, सर्जाच्या माळ्यावर, तिसऱ्या वाशाखाली. पंपांच्या पॅटर्नच्या मागं. पिवळ्या चादरीत गुंडाळलेला, वर सुंभाच्या दोन गाठी. आत निळ्या पेन्सिलीनं तुमचं नाव लिहिलंय, देवाप्पा म्हणून. "आणि अण्णा, एवढा नवा, एवढा नवा... वरची चपडी अजून बोटाला चिकटती बघा!"

चपडी म्हणजे पॅटर्नला लावायचं लाखेचं पॉलिश. तासाभरात वाळतं. चाळीस वर्षांनी चिकटणारी चपडी! सुजातानं माझ्याकडं असं बघितलं की ताकाचं दही झालं असतं.

अण्णा वळले. कोपरावर उठले. "वॉकर आन."

"आत्ता?"

"दाखव मला."

तीन महिन्यांत जो माणूस पाऊल टाकेना, तो कॉटपासून अंगणातल्या आमच्या रोजच्या मोटारीपर्यंत चालला. वाटेत दोनदा थांबला, एकदा मला शिवी दिली. सुजाता डोळे पुसत होती आणि मला घाम फुटला होता. परसात जाऊन सर्जाला फोन लावला. बंद. भट्टीच्या दिवशी तो फोन बंद करून ऑफिसात टाकतो. ठरवलं, पुढं होऊन सर्जाला डोळा मारायचा, पॅटर्न बाहेर दिलाय म्हणून सांगायचं. चार दिवस निघतील. चार दिवस तर चार दिवस, अण्णा चालतील तरी!

पण उद्यमनगरात गाडी लावायला जागा मिळेना. सुजाता अण्णांना घेऊन दारात उतरली. मी धावत आत पोचलो तोवर अण्णा शिडीखाली उभे.

"सर्जेराव, तिसऱ्या वाशाखालचं ते पिवळ्या चादरीतलं गाठोडं काढा."

सर्जानं माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही डोळे मारले. एकानं भागणार नव्हतं. त्याला काही कळलं नाही, पण म्हाताऱ्या माणसाचा शब्द म्हणून बिचारा शिडी चढला. वर खुडबुड झाली. मी खाली वाक्यं जुळवत होतो... अण्णा, काल एकाला दिला, परवा येईल...

"पिवळी म्हणालात न्हवं?" सर्जाचा आवाज वरनं आला. "सुंभानं बांधलेली?"

मी शिडीला धरलं.

गाठोडं खाली आलं. सुंभाच्या दोन गाठी. सर्जानं त्या सोडल्या. आत बेडकीचं हेड — सागवानात. शेजारी हेडच्या आतल्या पोकळ्या घडवायच्या लाकडी पेट्या, ओळीनं. वास आला ताज्या भुशाचा, रंधा आत्ताच थांबल्यासारखा. अण्णांनी एका हातानं वॉकर धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट लाकडावरनं फिरवलं. बोट चिकटलं. त्यांनी ते उचललं, तेव्हा बारीक आवाज आला. मी तो ऐकला. सुजातानं ऐकला.

बाजूला निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं — देवाप्पा. इथवर माझी थाप. पण त्याखाली आणखी एक ओळ होती, जी मी सांगितलेली नव्हती.

"झालं की रं. आता बोंबलू नगंस."

अण्णांनी ती वाचली. परत वाचली. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. बघतो तर हसत होते. रडतपण होते म्हणा. मग नाक पुसून सर्जाला म्हणाले, "ओतणार कवा?"

"परवाच्या भट्टीला घालूया की, अण्णा."

"परवा मी हितं पायजे," अण्णा म्हणाले आणि वॉकर दाराकडं वळवला. कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर सर्जानं माझी गचांडी धरली. "मर्दा, बापाला फसवाय एवढं कोरकाम केलंस?"

"लेका, मला साधी खुर्ची जोडता येत न्हाय! तू ठेवलंस काय?"

"मी? दोन दिवस तुझ्यासंगं झाडलाय की तो वासा!"

आम्ही आजवर एकमेकांवर संशय घेऊन थकलो. सुजातावर घेतला, पण तिनं थाप ऐकली ती माझ्यासोबतच आणि तिथनं आली ती आमच्याच मोटारीत. एका म्हाताऱ्या पॅटर्नमेकरला दाखवलं. तो म्हणाला, "ह्या हाताचं काम आता कोण करत न्हाय. चपडी मात्र कालची हाय." मग नानांसारखीच लांब पट्टी लावली आणि पॅटर्नला हात जोडले.

हेड ओतलं. गार झालं, आकसलं आणि केसाचा फरक न पडता बेडकीवर बसलं. तिसऱ्या हिसक्याला ती सुरू झाली, आणि आमच्या गल्लीतल्या कोंबड्या अजून परत आलेल्या नाहीत. अण्णांना शेजारी बसवून मी वेशीपर्यंत नेऊन आणलं. आता वॉकर शेडच्या कोपऱ्यात पडलाय. काठी टेकत ते रोज सकाळी स्वतः जातात, पाणी बघतात, ऑइल बघतात आणि माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवतात. वाक्यांची मोजदाद आम्ही सोडून दिलीय.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर जरूर लिहा. पण खरं सांगू? सापडलं नाही तरी माझं काही अडत नाही.

एकच बदल झालाय. सुजाता मला आता घरात काही वाईटसाईट बोलू देत नाही. आणि चांगलं बोलायचं असेल तर म्हणते, "तपशील नीट घाला."

परवा अण्णा बेडकीच्या स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "बाबू, पन्हाळा निम्म्यात राहिला बघ तवा."

मी बॉनेटवर फडकं मारत सुरू केलं. म्हटलं, तुमच्या शंभराव्या वाढदिवसाला जायचं की. सकाळी सातला निघायचं. गुलाबी फेटा. गाडी तुम्हीच चालवायची, मी शेजारी, मांडीवर वाड्याचा भारा. घाटात पाणी उकळणार नाही. वर तीन दरवाजापाशी चहाची एक टपरी असेल, आणि तिथला माणूस तुमच्याकडनं पैसे घेणार नाही.

अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. बोटांवर काहीतरी मोजलं.

"अठरा वर्षं हायत," म्हणाले. "तवर ब्रेक तेवढा बघून घे."