सात घरांची पालखी

शिमग्यात देवीची पालखी आमच्या वाडीत घरोघर येते. दार बंद दिसलं तर पुढे जाते, आणि मग मुंबईत बसलेल्या माणसाला वर्षभर चुटपुट लागून राहते. म्हणून चाकरमानी मला चाव्या देऊन जातात. सुरुवात एका घरानं झाली. यंदा सात.

प्रत्येक घराला माझ्या वहीत एक पान आहे: झाडलोट, रांगोळी, दिवा, ओटीचं सामान, त्या घराचं गाऱ्हाणं. गाऱ्हाणी व्हॉट्सअॅपवर येतात. मुलीचं लग्न जमू दे, फ्लॅटचा ताबा मिळू दे. मी वाचते, गुरव देवीला सांगतो.

यंदा गावच्या बैठकीत क्रम बदलला. सणाला आलेल्या ज्यांना सोमवारी कामावर हजर व्हायचंय त्यांची घरं आधी. आमचं सकाळचं घर दुपारवर गेलं, सातांच्याही नंतर. नवरा जहाजावर. सासऱ्यांना देवळापर्यंत चालवत नाही, दारात येणारी पालखी एवढंच त्यांचं दर्शन. दंडाला कुणी धरलं तरच ते उभे राहतात.

"तू असशील ना?" सकाळीच त्यांनी विचारलं.

"असणार. आधी ही सात उरकते."

सहाव्या घरात ओटी भरून झाली, तर ठाण्याहून मालकीणबाई व्हिडिओवर. "वहिनी, नेट गेलं होतं हो. परत एकदा भरता? पोरांना दाखवायचंय."

परत भरली. पालखी बाहेर पडली. मी दिवा शांत केला, कुलूप लावलं आणि मधल्या वाटेनं धावत वरचं सातवं घर उघडून निरांजन घेऊन उभी राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग ढोल ऐकू आला तो खालून. आमच्या खळ्यातून, घरापुढच्या अंगणातून.

उन्हात चढ-उतार नको म्हणून पालखी वाहणाऱ्या पोरांनी वाटेवरचं आमचं घर आधी घेतलं होतं. मला सांगायचं कुणाला सुचलं नाही.

पाखाडीच्या पायऱ्या उतरून पोचले तेव्हा पालखी खळ्याबाहेर निघत होती. सासरे खुर्चीतच होते.

"बसूनच ओटी भरली," ते म्हणाले. "गुरव विचारत होता, घरात कोणी नाही काय? म्हटलं, सून आहे हो. लोकांची दारं उघडायला गेलीय."

मी गुरवाला म्हटलं, जरा दोन मिनिटं परत टेकवा. तो पोरांकडे बघायला लागला. अजून अख्खी खालची वाडी राहिली होती.

"नको," सासरेच म्हणाले. "तू जा. तिथं दार उघडं टाकून आलीस."

मी गेले. सातव्या घराचं गाऱ्हाणं नीट, सगळं वाचलं.

संध्याकाळी सातही जणांना व्हॉट्सअॅपवर कळवलं: पुढच्या वर्षी मी पालखीला माझ्या घरी असेन, चाव्या घेऊन जाव्यात. सहा जणांनी हात जोडले. एकानं विचारलं, "मग आमचं कोण बघणार, वहिनी?"

मी लिहिलं, "रजा काढा."