धाकल्या काकीचा उडाणराव

आमची धाकली काकी आभाळाकडे बघून हसायची. धुणं वाळत घालताना, शेणी थापताना, मळ्याच्या वाटेवर डोक्यावरची पाटी सावरत ती मध्येच थांबायची, मान वर करायची आणि कुणी ओळखीचं दिसल्यासारखी हसायची. गावात दोन-चार बायकांनी तिला 'जरा हललेली' ठरवून टाकलं होतं. माझी आई मात्र जावेची बाजू घ्यायची. म्हणायची, "दुष्काळातली, म्हसवडाकडची हाय ती. ढग हुडकायची सवय लागल्याली असती तिकडच्या पोरीस्नी." खरं कारण फक्त मला माहीत होतं. काकी ढग हुडकत नव्हती, उडाणरावाला हुडकत होती.

हा उडाणराव आमच्या घरी पोस्टाने आला. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. काका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, फौजेत हवालदार होते, तिकडे उत्तरेत कुठल्या तरी छावणीत. साहेबांची पोरं वाचून टाकून द्यायची ती इंग्रजी चित्रांची पुस्तकं काका गोळा करायचे आणि तीन-चार जमली की गावी धाडायचे. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात इंग्रजी येणार कुणाला? म्हणून काकांनी एक उद्योग आरंभला होता. पात्रांच्या तोंडातून निघणाऱ्या प्रत्येक फुग्यावर ते खळीने पांढरी चिठ्ठी चिकटवायचे आणि तिच्यावर बारीक पेन्सिलीने मराठी लिहायचे. मुखपृष्ठावरही चिठ्ठी होती. त्यामुळे त्या वीराचं मूळ नाव आम्हाला कधीच कळलं नाही. आमच्यासाठी तो उडाणराव. डोळ्यांवर काळी पट्टी, पाठीवर हिरवं फडकं, आणि एक मूठ पुढे करून आभाळात सुटलेला.

पार्सलवर 'मुलांसाठी' असं लिहिलेलं असायचं, पण पुस्तकं काकीच्याच ताब्यात राहायची. "तुमी फाडशीला. मी वाचून दावते," म्हणायची. ती चौथी शिकलेली. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे उसाच्या वाळल्या पाचटाचा ढीग असायचा, त्यावर ती दुपारची रेलून बसायची. इकडे मोटार घरघरत असायची, तिकडे उसात पाणी सोडलेलं असायचं, आणि काकी पानात बुडालेली. तिने दारं धरली, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला घेतलं, की एक सरी दोनदा पाणी प्यायची आणि पलीकडची कोरडी राहायची. एकदा तर पाणी फुटून शेजाऱ्याच्या वांग्यात शिरलं. तो ओरडत आला, तेव्हा काकी इतकंच म्हणाली, "थांबा वाईच, पूल पडायला लागलाय." शेजारी कुठला पूल म्हणून बघत राहिला.

वाचक म्हणून तिची मतं ठाम होती. उडाणराव जिंकला की तिला विशेष काही वाटायचं नाही. तो दमला की ती खुलायची. गुडघ्यावर बसून धापा टाकणाऱ्या उडाणरावाच्या चित्रावर ती बोट ठेवायची आणि म्हणायची, "हितं बघ. हितं खरा हाय." त्याने विजारीवरून चड्डी घातलीय म्हणून आम्ही पोरं खिदळायचो, तर तिने त्याचीच बाजू घेतली. "घाईत निघाला असंल बिचारा. बिगूल झाला की असंच हुतं, तुजं काका सांगत्यात." गोष्टीतल्या शहरी बाईवर मात्र तिचा राग होता, कारण ती उडाणरावाला पट्टीशिवाय कधी ओळखायचीच नाही. काकी म्हणायची, "डोळ्यावर फडकं बांधलं म्हंजे घरचं माणूस वळखू येत न्हाई व्हय? मी चालीवरनं वळखीन."

आता पत्रांचं सांगायला हवं. काकांचं पत्र आलं की ते आजोबांच्या, म्हणजे आबांच्या हातात जायचं. आबा ओट्यावर बसून, चष्मा पुसून, खड्या आवाजात वाचायचे आणि सगळं घर भोवती ऐकायचं. तीर्थरूपांना साष्टांग नमस्कार, पाऊसपाणी, म्हैस, ऊस कधी तुटणार, आणि शेवटी लहानथोरांस यथायोग्य. काकी दाराआड उभी असायची. लग्नाला सहा वर्षं झालेल्या बाईच्या वाट्याला त्या 'लहानथोरां'त जेवढं येईल तेवढंच यायचं. तिने उत्तर लिहायची तर पद्धतच नव्हती. उत्तर आबाच लिहायचे. मला आज त्याची चीड येते. तेव्हा मात्र सगळ्या घरांतून असंच चालायचं आणि ते खटकायचं नाही.

मला वाचायला सफाईने येऊ लागलं, तेव्हा एका दुपारी माझ्या लक्षात आलं की काकी आम्हाला वाचून दाखवताना काही फुगे गाळते. ती पाण्याची दारं मोडायला उसात गेली आणि मी पुस्तक उचललं. कोसळणारा पूल उडाणरावाने खांद्यावर तोलून धरला होता, वर आगगाडी लटकत होती, आणि त्या अवघड घडीला तो म्हणत होता, "तुझा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा घेत जा. मोटारीपाशी गारठ्यात बसू नकोस." मी पान उलटलं. टकल्या दुष्ट शास्त्रज्ञ हात उगारून गरजत होता, "सुट्टी नाही! या महिन्यात तर नाहीच नाही!" पुढच्या चित्रात उडाणराव चंद्रासमोरून एकटाच उडत चालला होता आणि त्याच्या फुग्यात लिहिलं होतं, "तुझ्या हातची भाकरी आठवते. झोप लागत नाही."

काकी मागे येऊन कधी उभी राहिली ते कळलं नाही. माझ्या हातातून पुस्तक घेऊन तिने ते पदराखाली धरलं. रागावली नाही. "कुनाला सांगू नगंस, पोरी," म्हणाली. "ह्येवडंच माजं हाय." मी सांगितलं नाही. तिला केवढी भीती वाटली असेल हे मात्र मला फार उशिरा समजलं.

मग ते लढाईचं वर्ष आलं. थंडीत लढाई पेटली, पत्रं बंद झाली, पार्सलं बंद झाली. आबा रोज पोस्टमनच्या वाटेकडे तोंड करून बसायचे आणि तो दुसऱ्या गल्लीला वळला की तंबाखू मळायला घ्यायचे. काकी कामाला चुकली नाही, पण दुपारी पाचटावर बसून ती जुनीच पुस्तकं पुन्हा पुन्हा काढायची. पानं उलटायची नाही; एकाच चित्राकडे बघत बसायची. आभाळाकडे बघायची, पण हसायची नाही. एकदा मला म्हणाली, "आक्खी आगगाडी वाचिवतोय ह्यो. येक माणूस घरी पोचवायला किती जड जाईल गं त्याला?" उसाला तुरे आले होते. वाऱ्यावर ते हलायचे आणि तिच्या तोंडावर सावल्या फिरायच्या. मला रडू आलं. ती रडली नाही.

लढाई संपल्यावर काही आठवड्यांनी पत्र आलं, पण अक्षर परकं होतं. आबांचा खडा आवाज पहिल्यांदाच अडखळला. काका जिवंत होते. उजव्या हाताला जखम होऊन इस्पितळात पडले होते, म्हणून सोबत्याकडून लिहून घेतलं होतं. नमस्कार, पाऊसपाणी, लहानथोरांस यथायोग्य. काकी दाराआडून चुलीपाशी गेली आणि विझलेला जाळ फुंकू लागली.

त्यामागोमाग पुस्तक आलं, एकच. काकीने ते मोटारीपाशी नेऊन उघडलं आणि मीही जवळ सरकले. प्रत्येक फुग्यावर चिठ्ठी होती. डाव्या हाताने चिकटवलेली, वेडीवाकडी, खळ बाहेर आलेली. आणि सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या. उडाणराव पडत होता, उठत होता, मूठ वळत होता, आणि तोंडातून शब्द नव्हता. "ह्ये असं कसं?" मी विचारलं. काकीने कोऱ्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. "दुसऱ्याच्या हातनं असलं कोन लिवून घेतंय?" ती म्हणाली. "गप बसूनबी धाडलंया त्यांनी."

चार दिवस ते पुस्तक तिने उशाखाली ठेवलं. पाचव्या दिवशी कागदात गुंडाळून ती सरळ ओट्यावर गेली आणि सासऱ्यासमोर उभी राहिली. अशी ती कधी राहिली नव्हती. "आबा, पोरांचं येक पुस्तक माघारी धाडायचंय. पत्ता घालून द्या."

आबांनी तिच्याकडे बघितलं, मग पुडक्याकडे. पुडक्याला अजून दोरा बांधलेला नव्हता. पान उलटायचं म्हटलं असतं तर उलटता आलं असतं. आबांनी पुडकं उघडलं नाही. सुतळी मागवली, स्वतः गाठ मारली, वळणदार अक्षरात पत्ता घातला आणि म्हणाले, "आजच टाक जा पोस्टात. वाट बघत असंल त्यो." त्यांना कधीपासून माहीत होतं, की माहीतच नव्हतं, हे मी पुढे बरेचदा मनाशी घोळवलं. विचारायचं धाडस झालं नाही.

उन्हाळ्यात काका पेन्शनीवर आले. एसटीतून फाट्यावर उतरले ते दाढी वाढलेले, अर्धे झालेले. माझ्या वडिलांनीही त्यांना पटकन ओळखलं नाही. काकी लांब बांधावर होती. डोक्यावरची पाटी टाकून ती धावत निघाली. चालीवरून ओळखलं तिने.

घरात काका तिच्याशी चार शब्दही बोलायचे नाहीत. आबांसमोर तशी रीतच नव्हती. पण दुपारी मोटार सुरू झाली की दोघं पाचटावर दिसायची. मांडीवर पुस्तक, काकांचं डावं बोट चित्रावर, त्यांचे ओठ हलतायत आणि काकी हसतेय. मोटारीच्या घरघरीत बांधावरच्या माणसाला एक अक्षर ऐकू यायचं नाही. आमच्या उसाची एक सरी त्यानंतरही कायम दोनदा पाणी प्यायली.

मी लग्न होऊन सांगलीला, विश्रामबागेत आले. आता माझ्या घरात गुळगुळीत कागदाच्या जाडजूड चित्रकादंबऱ्यांचं कपाट आहे. मुलं हसतात, "आई, या वयात?" मी हसण्यावारी नेते. पण कुठलाही वीर आभाळातून खाली झेपावू लागला की माझी नजर आधी त्याच्या फुग्यात जाते, तो कुणाचा खोकला विचारतोय का ते बघायला.

काकी गेल्या थंडीत गेली. चौदाव्याचं आटोपल्यावर काकांनी मला मोटारीच्या खोलीमागे नेलं. पाचटाचा ढीग आता नाही, दगडी कट्टा आहे. फडक्यातून त्यांनी ते पुस्तक काढलं. "मला आता दिसत न्हाई. वाच, पोरी," म्हणाले.

मी पानं उलटत गेले. कोरं, कोरं, कोरं. पन्नास वर्षांत खळ पिवळी पडली होती. शेवटच्या चित्रात उडाणराव पाठमोरा, डोंगरापलीकडे दूर निघालेला. तिथल्या चिठ्ठीवर चौथीतल्या मुलीचं मोठं, गोल अक्षर होतं. मी मोठ्याने वाचलं, "कोरं हाय ते कोरंच ऱ्हाऊ द्या. येऊन तोंडानं सांगा. मी मोटारीपाशी हाय."

काका बराच वेळ वर बघत होते. त्या आंधळ्या डोळ्यांना आभाळ कितपत दिसत होतं कोण जाणे. मग ते हसले, अगदी तिच्यासारखे.

"मग आलोच की मी," म्हणाले.