डोमाजींची चिंधी

डोमाजी उरकुडे दुकानात शिरले की दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत नसत, कापडाकडे पाहत. ताग्याच्या किनारीतला एक दोरा नखाने उपसून काढायचे, खिशातली काडेपेटी काढून तो पेटवायचे, धूर हुंगायचे, आणि मगच मान वर करायचे. त्या नजरेत एवढी तुच्छता असे की वाटावं, दोऱ्याऐवजी आपल्यालाच पेटवून हुंगलं असतं तर बरं झालं असतं.

पहिल्यांदा त्यांनी हा प्रयोग माझ्यावर केला तेव्हा मी वर्ध्याहून बी.कॉम. होऊन समुद्रपूरच्या आमच्या कापडदुकानात नुकता बसू लागलो होतो. नव्वदीची सुरुवात होती, टेरीकॉटचे दिवस होते, आणि आपल्याला कापडातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती. समोर एक मास्तर आणि मास्तरीणबाई बसल्या होत्या. हातातला तागा शंभर टक्के सुती आहे, असं मी त्यांना छातीठोकपणे सांगत होतो. तेवढ्यात धोतर नेसलेला, इस्त्रीच्या सदऱ्याचा एक वाळका म्हातारा मधेच हात घालून त्यातला दोरा काढतो काय आणि पेटवतो काय! दोरा आखडला, काळा धूर निघाला आणि टोकाला एक टणक मणी उरला. म्हाताऱ्याने तो गरमच माझ्या तळहातावर ठेवला.

"धर. कापसाच्या पऱ्हाटीले असे मणी लागते काय बे?"

"काका, थोडं मिक्स असते त्याच्यात. पण टिकते जास्त."

"टिकते! प्लास्टिकचा मग बी टिकते. अंगात घालतं काय?"

मास्तर हसले, मास्तरीणबाई उठल्या, गिऱ्हाईक गेलं. मी चिडून विचारलं, की एवढी परीक्षा करून तुम्हाला पाहिजे तरी काय? शेरवानी शिवायची आहे का?

"अर्धा हात कापड. चिंध्या करायले."

चिंध्या! पुढचे तीन दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हा किस्सा सांगून हसलो. चौथ्या दिवशी वडिलांनी विचारलं, "कोणाले हसून राह्यला तू? त्या माणसानं पास केलेलं कापड विकून मी हे दुकान उभं केलं."

डोमाजी तीस वर्षं पुलगावच्या गिरणीत कापड तपासणीला होते. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून सरकत जाणारं कापड, आणि त्यातली तुटलेली तार, सुटलेला धागा, पडलेली गाठ शोधणारे डोमाजी. तीस वर्षं चुका शोधायची सवय लागलेला माणूस निवृत्त होऊन गावी आला की ती सवय कुठे जाणार? ती माणसांवर आली. सरपंच त्यांच्या मते 'विरळ विणीचा' होता. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत राहणारा, कचेरीत कारकून असलेला स्वतःचा मुलगा 'खळीनं कडक' होता, एका धुण्यात मऊ पडणारा. मी कोण, हे त्यांनी बरीच वर्षं सांगितलं नाही. तपासण्याच्या लायकीचं कापडच नसावं.

चिंध्या लागायच्या त्या बंदुकीला. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्या वडिलांकडून आलेली ठासणीची बंदूक होती त्यांच्याकडे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तेल लावलेल्या चिंधीत शिशाची गोळी गुंडाळून गजाने खाली ठासायची, बार पेटवणारी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. उरलेली फट भरायची ती चिंधीने. कापड पातळ असलं तर ते जळतं आणि गोळी भरकटते. जाड असलं तर गोळी उतरतच नाही. रानडुकरं हरभऱ्यात शिरली की डोमाजी बहुतेक वेळा नुसता दारूचा बार काढून त्यांना हाकलत. त्याला कापडाची निवड कशाला हवी? पण डुकरांनाही त्यांनी कधी वाईट चिंधीचा आवाज ऐकवला नाही.

वडिलांच्या बोलण्याने खजील होऊन मी डोमाजींच्या शेतावर गेलो, आणि मग जातच राहिलो. अपमान करून घ्यायला माणूस चार किलोमीटर सायकल मारतो, हे मला स्वतःवरून कळलं. पहिल्या खेपेला दुकानातली उंची मलमल घेऊन गेलो.

"हे नवरीच्या डोक्यावर टाक. बंदुकीत काऊन आणलं?"

दुसऱ्यांदा कोरा मांजरपाट नेला. त्यांनी तो कानाशी धरून चुरगळला. "आवाज ऐकून राह्यला ना? हे कापड नाई, पापड होय. तीनदा धू, खळ काढ, मंग दाखव."

तिसऱ्यांदा मी फार हुशारी केली. आपला जिल्हा खादीचा. हाताने कातलेल्या शुद्ध खादीला तर म्हातारा नाव ठेवू शकणार नाही, म्हणून मुद्दाम भांडारातून खादी आणली. दोरा जळाला, छान राख झाली. मी विजयी मुद्रेने पाहत होतो. डोमाजींनी कापड उन्हात धरलं आणि एका धाग्यावरून बोट फिरवत नेलं.

"कातणाऱ्याचं ध्यान नोतं. इथं पाह्य, सूत जाड झालं. याच्या घरी पाव्हणे आले. इथं बारीक झालं, पाव्हणे गेले. इथं तुटलं. बायकोशी भांडला असन."

शेवटी आमच्याच माळ्यावर, जुन्या मालात, निळ्या पट्ट्यांचा गादीपाट सापडला. घट्ट विणीचा, निव्वळ सुती, सगळीकडे सारख्या जाडीचा. मी तो तीनदा धुऊन नेला. डोमाजींनी अंगठा आणि तर्जनीत चोळला, दोरा जाळला, राख फुंकली आणि म्हणाले, "हं."

माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी पसंत पडली तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. (बायको हे वाचणार आहे, पण तिलाही डोमाजी माहीत होते.)

त्या दिवशी त्यांनी मला बार झाल्यानंतरची खरी विद्या शिकवली. बार झाला की सगळे निशाणाकडे धावतात. डोमाजी मात्र वाटेत गवतात पडलेली चिंधी शोधायचे. "निशाण तं कोणीबी पाह्यते. चिंधी पाह्य." मधोमध जळून भोक पडलं असेल तर कापड विरळ. चिरफाळली असेल तर कच्चं. आणि कडेला जराशी दशी सुटून मधला काळा गोल साबूत राहिला असेल, तर ते कापड. अशा चिंध्या ते घरी नेऊन पत्र्याच्या डब्यात ठेवत. लोकांच्या घरी फोटोंचे अल्बम असतात, तसा तो डबा होता.

त्यांच्या गावात दसऱ्याला सोनं लुटायला जाताना शिवेवरच्या निंबाला नारळ टांगत आणि परवान्याच्या बंदुका असलेले चाळीस पावलांवरून तो फोडत. शेजारगावचे एक पाटील दुनळी कारतुसी बंदूक घेऊन यायचे. डोमाजी त्यांच्याकडे पाहून मला ऐकू जाईल इतपत म्हणत, "कारतूस काय, बटन दाबलं की झालं. याले बंदूक नाई, दाराची बेल दे." पहिला मान डोमाजींचा, आणि नारळ ते दरवर्षी फोडत. त्यांच्या मुलाला मात्र घरातली बंदूक डोळ्यांत खुपायची. वय झालं, जमा करून टाका, म्हणून तो मागे लागायचा. एका दसऱ्याला चार माणसांत डोमाजी त्याला म्हणाले, "ज्या दसऱ्याले माहा नारळ चुकला, त्याच दिवशी बंदूक ठाण्यात नेऊन देईन. तोवर तोंड उघडजो नोको."

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. दसरा पंधरा दिवसांवर होता. ते दुकानात आले, हिरवी पट्टी डोळ्यावर, आणि पहिल्यांदाच ताग्याला हात न लावता बोलले.

"औंदा चिंध्या तूच करून दे. धुवून, कापून, तेल लावून. डॉक्टर वाकू नको म्हणते."

मी फुगलो. तीस वर्षं काचेवर कापड तपासलेल्या माणसाने मला पास केलं होतं! आता माझा पराक्रम ऐका. त्यांच्यासाठी राखून ठेवलेला गादीपाटाचा शेवटचा तुकडा मी आधीच्याच लग्नसराईत एका वरबापाच्या गादीत घालून बसलो होतो, आणि ते विसरलो होतो. आठवलं तेव्हा नवीन माल आला होता. तेच निळे पट्टे, तीच घडी, पण किनारीवर बारीक अक्षरांत मिश्र धाग्याचा शिक्का. हिंगणघाटला, वर्ध्याला जाऊन शोधता आलं असतं. पण दसऱ्याचा सीझन, दुकानात गर्दी. मी स्वतःशी म्हणालो, शेवटी चिंधीच ती, तिला कोण विचारतो? इतकी वर्षं त्या माणसाजवळ बसून मी एवढंच शिकलो होतो. नव्या कापडाच्या गोल चकत्या कापल्या, तेलात मुरवल्या आणि डबीत भरून दिल्या. तेलाने माखलेल्या कापडात बोटांना काय कळणार होतं? आणि जाळून पाहायचं तर मला एकदा पास केल्यावर माझ्या हातून आलेलं त्यांनी जाळलं नाही.

दसऱ्याला शिवेवर सारा गाव जमला होता. मुलगाही आला होता. डोमाजींनी दारू ओतली, माझी चिंधी ठेवली, गोळी ठासली. बार झाला. धूर विरला. नारळ निंबाला तसाच लटकत होता, हललासुद्धा नव्हता.

कोणीतरी म्हणालं, "डोळा गेला म्हाताऱ्याचा." पाटलांनी पुढे होऊन कारतूस भरलं आणि नारळ फोडला. लोक खोबऱ्यावर धावले.

डोमाजी वाटेतल्या गवतात वाकले, डॉक्टरने नको म्हटलं असतानाही. चिंधी सापडली. मी दहा पावलांवर उभा होतो, तिथूनही मला दिसलं. कडा वितळून आखडल्या होत्या आणि त्यांवर काळे टणक मणी लागले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, चिंधी सदऱ्याच्या खिशात घातली आणि मुलाला म्हणाले, "चाल, ठाण्यात जायचं आहे."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. डोळ्याचा दोष नाही, माझ्या कापडाचा आहे, एवढं एक वाक्य. सारा गाव समोर होता, त्यात माझी निम्मी गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांबरोबर आपट्याची पानं वाटत राहिलो.

दुसऱ्या दिवशी घरी गेलो आणि म्हणालो, "काका, मी तुमच्या पोराले सांगतो. बंदूक परत आणू."

"काय सांगशीन?"

"का चूक माही होती म्हणून."

"तुही काऊन? तू कापड दिलं, मी जाळून नाई पाह्यलं. एवढ्या वर्षांत पह्यल्यांदाच नाई पाह्यलं. पास मी केलं, तं चूक माही." मग म्हणाले, "अन् नारळाले काय कारण सांगतं?"

त्यानंतर ते माझ्याशी नीट वागू लागले. याहून वाईट शिक्षा मला कोणी दिली नाही. दुकानात येत, पण दोरा काढत नसत. "शेटजी, धोतरजोडी द्या. आपल्याले जे बरं वाटन ते द्या." शेटजी! आपण! मी मुद्दाम मिश्र कापड पुढे ठेवायचो, की आता तरी म्हणतील, काय बे, पऱ्हाटीले मणी लागते काय? ते घडी घालून पिशवीत ठेवत आणि नमस्कार करून जात. मी तपासण्याच्या कापडातून निघालो होतो.

ते गेल्याचा निरोप चार वर्षांनी एका सकाळी आला. मुलगा स्वतः स्कूटरवर दुकानात आला होता, कफनाचं कापड न्यायला. मी मांजरपाटाचा तागा काढला. बिलावर 'सुती' लिहिलेलं होतं. फाडायला हात लावला आणि थांबलो. किनारीतला दोरा उपसला, पेटवला. टोकाला मणी.

तो तागा मी खाली टाकला. दुसरा काढला, मणी. तिसरा.

"भाऊ, लोक खोळंबले आहेत," मुलगा म्हणाला. "आता जाळायचंच आहे ना ते? त्यांना काय कळणार आहे?"

"त्यांना सगळं कळते," मी म्हणालो, आणि शिडी लावून माळ्यावर चढलो. जुन्या मालाच्या तळाशी, धुळीत, वडिलांच्या वेळचा एक तागा निघाला. पिवळा पडलेला, घट्ट. काडी ओढली. दोरा शांतपणे जळत आला, कागदाचा वास सुटला आणि बोटावर पांढरी राख राहिली. मी ती फुंकली.

"पाच हात?" मुलाने खालून विचारलं.

"आधी तीनदा धुवावं लागन," मी म्हणालो. "खळ आहे त्याच्यात."