मामाची पिवळी वेल

आमचा मामा कारखान्यात माळी. मागच्या नाल्याकडचा उतार सारखा ढासळायचा, म्हणून त्यानं तिथं एक वेल लावली. सूर्यफुलाच्याच कुळातली, गरम ओलसर हवेत हातपाय पसरणारी. पिवळीधमक फुलं, आणि पेर मातीला टेकलं की फुटलीच मुळं. उतार थांबला, साहेब खूश. मामाची मुलगी सासरी निघाली तेव्हा तिनंही एक फांदी डब्यात लावून नेली.

मग वेल नाल्यातून वर आली, पाइपात शिरली. मामी गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, आता इकडेच या." मामा नोकरी सोडायला गेला, तर साहेब म्हणाले, "तुम्हीच लावलीत ना? काढा आणि खुशाल जा." हा शहाणा म्हणाला, "काढतो." पाठ फिरवून निघाला असता तर कोण माईचा लाल अडवणार होता? पण नाही! शब्द दिला होता.

त्यात माळ्याची खोड, काही फेकून द्यायचं जिवावर येतं. उपटलेली वेल त्यानं चिरून खतखड्ड्यात टाकली आणि ते खत अख्ख्या बागेला घातलं. झालं! कुंड्यांत, हिरवळीत, साहेबांच्या खिडकीखाली, जिथंतिथं वेल. "अगं, मीच पेरली की गं," मामानं कपाळावर हात मारला. मला हसू आलं, आणि त्याचं तोंड बघून रडूही.

निघायचं म्हणून भरलेली खोलीतली ट्रंक तशीच राहिली. धुतलेले कपडे पुन्हा तिच्यातच जायचे. "अरे मामा, तुला काय बांधून ठेवलंय का?" मी चिडायचे. "एवढा कोपरा झाला की निघालोच." बोलताना त्याची बोटं चटईचे धागे उपटत राहायची. एक कोपरा संपेस्तोवर दुसरीकडे कोंब.

शेवटी त्यानं वेल वाळवून जाळायला घेतली, तेव्हा कुठं जमलं. साहेब "जा" म्हणाले. मामानं खुरपं गेटवरच्या वॉचमनला देऊन टाकलं. मुलगी न्यायला आली तेव्हा तो दाढीबिढी करून ट्रंकेवर बसला होता. इतका मोकळा मी त्याला कधी पाहिलाच नव्हता.

"सुटलात बाई एकदाचे!" मुलगी म्हणाली. "बाबा, ती डब्यातली वेल आठवते? आमच्या आवारभर पसरलीय मेली. घरमालक रोज भांडतो. मी सांगून ठेवलंय, बाबा आले की काढतील."

मला असा राग आला तिचा! पण तिला बिचारीला काय कळणार? मामानं चपला घातल्या आणि तो गेटकडे गेला. मला वाटलं, रिक्षा बघायला गेला असेल. जाऊन बघते तर वॉचमनपुढे हात पसरून उभा.

"माझं खुरपं दे रे," तो म्हणत होता.